कंपनीचं धोरण कुणाच्या नावावर?

उद्योग-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टेरी टॉवेलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वडील मॅनेजिंग डायरेक्टर, मी उत्पादन बघतो, धाकटा भाऊ विक्री बघतो. गेल्या वर्षी एमबीए झालेला एक मुलगा ‘स्ट्रॅटेजी मॅनेजर’ म्हणून घेतला. त्याने आराखडा केला, पण तो कुणी पाळत नाही. भाऊ म्हणतो, धोरण हे विक्रीवाल्याचं काम. वडील म्हणतात, त्यासाठी माणूस ठेवलाय ना! जबाबदारी नेमकी कुणाची?

उत्तर : वडिलांची. ठेवलेल्या माणसाने आकडे गोळा करावेत, बैठक लावावी, ठरलेलं झालं का ते विचारत राहावं. पण आलेली ऑर्डर परत पाठवायचा किंवा नव्या मागांचे पैसे अडवायचा अधिकार त्याला नाही. असा अधिकार नसलेल्याचा आराखडा फायलीतच राहतो. त्या मुलाला बोल लावू नका.

कायदाही तेच सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९ प्रमाणे कर्ज काढणं, पैसे गुंतवणं, नव्या धंद्यात उतरणं हे निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करून घ्यायचे असतात. कर्ज-गुंतवणुकीचे अधिकार ठरावाने, मर्यादा घालून, मॅनेजिंग डायरेक्टरला देता येतात. नव्या धंद्याचा निर्णय मात्र मंडळाकडेच राहतो. कलम १६६ प्रत्येक संचालकाला स्वतंत्र बुद्धीने आणि काळजीपूर्वक निर्णय घ्यायला सांगतं. म्हणून तुम्ही दोघे भाऊ संचालक असाल, तर ‘ते वडील बघतात’ म्हणून अंग काढून घेता येणार नाही. वडिलांनी मांडायचं आणि निभवायचं, मंडळाने उलटतपासणी करून ठराव करायचा, खातेप्रमुखांनी आपापला वाटा उचलायचा.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात तुमचं धोरण आज तुमचा भाऊच ठरवतोय, फोनवर ‘हो’ म्हणून. माग कशात गुंतणार हे तिथेच ठरतं. त्याला अडवायला रागावून चालत नाही, हिशोब लागतो. एक उदाहरण घ्या. पहिली ऑर्डर हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलची, २,००० किलो. सूत, डाईंग, पॅकिंग आणि मजुरी वजा जाता किलोमागे ४५ रुपये उरतात, आणि मागाच्या १०० पाळ्या (एक माग एक शिफ्ट चालला की एक पाळी) लागतात. दुसरी रंगीत जेकार्डची (विणीतच नक्षी असलेल्या टॉवेलची), १,००० किलो. किलोमागे ६० रुपये उरतात, पण बीम (मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ) आणि डिझाइन वारंवार बदलावं लागत असल्याने ८० पाळ्या जातात. किलोवर पाहिलं तर दुसरी भारी. मागाच्या एका पाळीमागे पाहिलं तर पहिली ९०० रुपये देते, दुसरी ७५०. विक्रीचं कमिशन किलोमागे किती उरतं यावर ठरत असेल, तर भाऊ दुसरीच आणणार, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानेही तीच आणली असती. तेव्हा आधी कमिशनचा आधार बदला.

मग वडिलांच्या सहीचं एक पान करा, एकच. कोणता माल कुणासाठी विणायचा, कोणता माल घ्यायचाच नाही, यंदा मागांत आणि उधारीत मिळून किती लाख अडकवायचे, आणि कोणता आकडा बिघडला की हे सगळं पुन्हा मांडायचं. ‘घ्यायचं नाही’ ही यादी सर्वांत अवघड असते आणि बहुतेक आराखड्यांत नेमकी तीच नसते. अपवाद लागतातच. त्यासाठी महिन्याच्या १० टक्के पाळ्या मोकळ्या ठेवा, पण अपवादाला परवानगी फक्त वडिलांची, तीही लेखी. चौथ्या मुद्द्याचं, म्हणजे बिघडणाऱ्या आकड्याचं, महत्त्व ऑगस्ट २०२५ मध्ये निर्यातदारांना कळलं, तेव्हा अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. एका देशाकडे किती टक्के माल गेला की थांबून विचार करायचा, हे आधी लिहिलेलं असलं की घाईत भाव पाडावे लागत नाहीत.

दर तीन महिन्यांनी दोन तास याच पानावर बसा. त्या बैठकीत सुताचा भाव काढायचा नाही. एकदा तो निघाला की बैठक संपली समजा. कायद्याने छोट्या कंपनीला (जिचं भांडवल आणि उलाढाल ठरावीक मर्यादेत आहे) वर्षात दोन बोर्ड बैठका पुरतात, वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक आणि दोहोंत किमान ९० दिवसांचं अंतर. इतर कंपन्यांना चार लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तुमची कंपनी छोटी असेल तर चारपैकी निदान दोन, नसेल तर चारही रीतसर बोर्ड बैठका करा आणि इतिवृत्तात कामापुढे नाव आणि तारीख लिहा.

प्रश्न : सल्लागाराकडून जाडजूड अहवाल घेतला. आता तो राबवायचा कुणी? आमचे सीए म्हणतात, कर्जासाठी बँकेला दिलेला सीएमए डेटा (मागचे आणि पुढचे अंदाजी आकडे) आहे, तोच आपला प्लॅन.

उत्तर : सीएमए डेटा कॅश क्रेडिटची (रोजच्या धंद्यासाठीच्या कर्जाची) मर्यादा मिळावी किंवा टिकावी म्हणून केलेला असतो. त्यातली विक्री बँकेला पटेल अशी वाढत जाते. कोणता गिऱ्हाईक सोडायचा हे त्यात कुठे येणार? अनेक कारखान्यांत आकडे एकट्या सीएकडे असतात, म्हणून धोरणही आपसूक त्यांच्याकडे सरकतं. त्यांना ते काम दिलेलं नाही आणि त्यांनी घेऊही नये. अहवालातल्या तीनच शिफारशी निवडा, प्रत्येकीला तुमच्याच कंपनीतलं एक नाव द्या. दोन नावं लिहिली की ते काम कुणाचंच राहत नाही. पुढच्या वेळी सल्लागाराच्या फीचा शेवटचा हप्ता अंमलबजावणी सुरू होऊन तीन महिने झाल्यावर द्यायचा, असं करारातच घाला.

प्रश्न : मी गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. मालक धोरण ठरवताना आम्हाला विचारत नाहीत. विचारायला हवं ना?

उत्तर : हवं. निर्णय मालकांचा, पण मशीन का थांबतं हे तुम्हालाच ठाऊक. चार आठवडे प्रत्येक खोळंब्याची मिनिटं कारणासह लिहा : कापड आलं नाही, माप बदललं, बटणं संपली, कारागीर गैरहजर. शाळा सुरू होण्याआधीच्या घाईत हे जमणार नाही, दिवाळीनंतर करा. बेरीज घेऊन भेटा आणि एकच प्रश्न विचारा : ऐनवेळी मापं बदलणाऱ्या शाळांची ऑर्डर पुढच्या हंगामात त्याच दराने घ्यायची का?