समुद्रविज्ञान, हवामानशास्त्र आणि सरकारी शिष्यवृत्त्या : वाचकांचे प्रश्न

समुद्र आणि वातावरण या विषयांत शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी आर्थिक मदत आणि इंटर्नशिप कोठे व कशी मिळते, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. योजनांच्या तारखा व अटी दरवर्षी नव्या अधिसूचनेने जाहीर होतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची अधिसूचना मुळातून वाचावी, ही विनंती.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला समुद्रविज्ञान शिकायचे आहे. आमचा व्यवसाय मासेमारीचा आणि उत्पन्न अनिश्चित. या विषयासाठी सरकारची शिष्यवृत्ती आहे का? संशोधनासाठी मुलींना जहाजावर जावे लागते का, ही तिच्या आईची काळजी आहे. – एक पालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पदवीच्या पातळीवर केवळ समुद्रविज्ञानाच्या नावाची शिष्यवृत्ती शोधत बसू नका, मूलभूत विज्ञानाच्या सर्वसाधारण शिष्यवृत्तीतच तिचा विषय सामावलेला आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ कार्यक्रमात उच्च शिक्षणासाठीची ‘शी’ नावाची शिष्यवृत्ती आहे. तिच्या रचनेनुसार वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यांतील ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खर्चासाठी आणि २०,००० रुपये उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करावयाच्या संशोधन प्रकल्पासाठी असतात. बी.एस्सी.पासून एम.एस्सी.पर्यंत जास्तीत जास्त पाच वर्षे ही मदत सुरू राहू शकते, मात्र त्यासाठी गुणांची पातळी राखावी लागते. या योजनेला पात्र असलेल्या १८ विषयांच्या यादीत वातावरणविज्ञान आणि समुद्रविज्ञान हे दोन्ही विषय स्वतंत्रपणे नमूद आहेत.

मुख्य अट अशी, की विद्यार्थी आपल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत गुणानुक्रमे पहिल्या एक टक्क्यात असावा. हा पल्ला किती गुणांवर येतो हे मंडळागणिक आणि वर्षागणिक बदलते. म्हणून ‘नव्वद टक्के आहेत, म्हणजे मिळेलच’ किंवा ‘मिळणार नाहीच’ असे घरबसल्या ठरवू नये. बारावी उत्तीर्ण झाल्याच्या वर्षीच, पदवीच्या प्रथम वर्षात असताना अर्ज करायचा असतो, आणि याच अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कितीतरी गुणी मुले वंचित राहतात, याचे फार वाईट वाटते. महाविद्यालयाने सूचना लावण्याची वाट न पाहता मुलीने स्वतः ‘इन्स्पायर’च्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे. पहिल्या एक टक्क्यात स्थान नसेल, तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरील उत्पन्न आणि प्रवर्ग यांवर आधारित शुल्क-सवलतीच्या योजना पाहाव्यात. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येतील असे मात्र गृहीत धरू नका.

अभ्यासक्रम कोणता निवडावा, हे तुम्ही विचारलेले नाही, परंतु त्यावर पुढचे बरेच अवलंबून असल्याने लिहितो. समुद्राचे प्रवाह, लाटा, भरती-ओहोटी आणि चक्रीवादळे यांत तिला रस असेल, तर भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. करावे, सागरी जीवांमध्ये असेल, तर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय उपयोगी पडतील. समुद्रविज्ञानात खास शिक्षण एम.एस्सी.ला घेता येते, उदाहरणार्थ गोवा विद्यापीठात किंवा कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात. तुमच्या जिल्ह्यातच शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे आणि तेथील शिक्षण मोलाचे आहे. मात्र ती व्यावसायिक पदवी आहे आणि ‘शी’च्या १८ विषयांत ती येत नाही, एवढे ध्यानात घेऊन निर्णय करावा.

आता जहाजाविषयी. प्रत्येकाला समुद्रावर जावेच लागते असे नाही. उपग्रहांची माहिती, संगणकीय प्रारूपे किंवा प्रयोगशाळेतील विश्लेषण यांवर संपूर्ण पीएच.डी. करणारे पुष्कळ आहेत. ज्यांना जायचे असते, त्यांत मुलीही असतात. अदिती पंत यांचे उदाहरण तिच्या आईला जरूर सांगा. त्यांचा जन्म १९४३ साली नागपूरला झाला. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या हवाई विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकल्या, लंडनला पीएच.डी. केली आणि १९७३ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. अंटार्क्टिकावर संशोधनासाठी गेलेल्या या दोघी पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ होत. ही चार दशकांपूर्वीची गोष्ट आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या आयआयटीएममध्ये किंवा गोव्याच्या एनआयओमध्ये उन्हाळी इंटर्नशिप करायची आहे. आमच्या महाविद्यालयात याची माहिती कोणालाच नाही. विद्यावेतन मिळते का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : प्रथम या संस्थांची ओळख. आयआयटीएम, म्हणजे पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, १९६२ साली स्थापन झाली आणि आज ती केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. एनआयओ, म्हणजे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ ची. ती मात्र सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, प्रयोगशाळा आहे. याखेरीज वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, हैदराबादचे इन्कॉइस हे महासागर माहिती सेवा केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांचाही विचार करावा. प्रत्येक संस्थेचे विद्यार्थी-प्रकल्पांचे नियम वेगळे असतात, आणि त्यांत एक गोष्ट समान आढळते : तुमचे मार्गदर्शन करण्यास तेथील एखादा शास्त्रज्ञ तयार असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

विद्यावेतनाबाबत स्पष्ट सांगणे भाग आहे. सरकारी प्रयोगशाळांतील पुष्कळ प्रकल्प बिनवेतनी असतात, राहण्याजेवणाचा खर्च विद्यार्थ्यालाच करावा लागतो आणि काही ठिकाणी उलट शुल्क भरावे लागते. गावाकडच्या मुलांसाठी हा फार मोठा अडसर आहे आणि तो दूर व्हायला हवा, असे आम्हांला मनापासून वाटते. तोवर तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने तीन विज्ञान अकादम्यांच्या, म्हणजे बंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील अकादम्यांच्या, संयुक्त उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी आधी अर्ज करावा. तीत निवड झाल्यास देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करता येते, त्या काळाचे विद्यावेतनही मिळते, आणि पृथ्वी व ग्रहविज्ञान हा विषय त्यात आहे. काम उन्हाळ्यात असले, तरी अर्जाची मुदत बहुधा दिवाळीच्या आगेमागे असते. मार्चमध्ये चौकशी सुरू करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तुम्हांला ‘शी’ शिष्यवृत्ती मिळत असेल, तर तिच्यातील प्रकल्पाची रक्कम याच कामी येते.

शास्त्रज्ञांना पत्र लिहिताना ‘मला हवामानशास्त्रात रस आहे’ एवढे लिहून चालत नाही, कारण अशी पत्रे त्यांना रोज येतात. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचावा आणि स्वतः केलेले छोटे का होईना, काम सोबत पाठवावे. तुम्ही साताऱ्याच्या असल्यामुळे एक काम सुचवतो. भारतीय हवामान विभागाचे पुणे कार्यालय १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या जाळीवरील आकडेवारी विनामूल्य उपलब्ध करून देते. पायथन या संगणकीय भाषेची तोंडओळख करून घेऊन ती आकडेवारी उघडावी आणि महाबळेश्वर आणि दहिवडी या दोन ठिकाणांच्या चौकोनांतील जून ते सप्टेंबरचा पाऊस पाहावा. एकाच जिल्ह्यात घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि माणदेशात पर्जन्यछायेचा कोरडेपणा, हे तुम्हांला लहानपणापासून ठाऊक आहेच. परंतु पाव अंश म्हणजे सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटर, आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस त्याहूनही कमी अंतरात झपाट्याने घटतो. तेव्हा जाळीतला आकडा प्रत्यक्ष पर्जन्यमापकाच्या नोंदीशी कितपत जुळतो, हा खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो कोणत्याही मार्गदर्शकाला तुमच्याशी बोलावेसे वाटायला लावील असा आहे. आयआयटीएमची ढगांच्या भौतिकीचा अभ्यास करणारी उंचावरील प्रयोगशाळा महाबळेश्वरलाच आहे, हेही माहीत असू द्या.

पत्र थोडक्यात असावे, त्यासोबत गुणपत्रिका आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडावे. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करावी आणि मग दुसऱ्या शास्त्रज्ञांकडे वळावे.

प्रश्न : एम.एस्सी.नंतर हवामान आणि समुद्र या विषयांत पीएच.डी.साठी फेलोशिप हवी आहे. नेट द्यावी की गेट? – एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शक्य असल्यास दोन्ही द्याव्यात. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान अशी एकत्रित प्रश्नपत्रिका आहे. भूशास्त्र, भूभौतिकी, हवामानशास्त्र आणि समुद्रविज्ञान तिच्यात एकत्र येत असल्याने भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला खडक व खनिजेही थोडी वाचावी लागतात. या परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठची ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. गेटमध्ये अभियांत्रिकी विज्ञानाच्या ‘एक्सई’ प्रश्नपत्रिकेत वातावरण व महासागर विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, मात्र तीत अभियांत्रिकी गणिताचा विभाग सर्वांना अनिवार्य असतो. गेटमधून एम.टेक.ला प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपयांचे साहाय्य मिळते.

याशिवाय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आयआयटीएममार्फत स्वतःचा संशोधन फेलो कार्यक्रम चालवते. त्यात निवडलेले विद्यार्थी आधी पुण्यात अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि मग मंत्रालयाच्या संस्थांमध्ये संशोधन करतात. त्याची जाहिरात आयआयटीएमच्या संकेतस्थळावर येते. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपना विषयाचे बंधन नाही. आपापल्या लक्ष्यगटातील विद्यार्थ्यांनी त्यांकडेही लक्ष ठेवावे.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेतच जन्मलेला असून विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात आहे. त्याला नोआ या अमेरिकी सरकारच्या समुद्र व वातावरणविषयक संस्थेच्या हॉलिंग्ज शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा आहे. नाशिकचा भाचाही अर्ज करू शकेल का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मुलगा करू शकेल, भाचा नाही. सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती अमेरिकी नागरिकांपुरती मर्यादित आहे. ग्रीन कार्डही पुरत नाही. दोन वर्षे दरवर्षी कमाल ९,५०० डॉलर आणि मधल्या उन्हाळ्यात नोआच्या एखाद्या कार्यालयात दहा आठवड्यांची सवेतन इंटर्नशिप असे तिचे स्वरूप आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षात असतानाच अर्ज करायचा असतो, म्हणजे तुमच्या मुलाला हीच एक संधी आहे. अर्जाची मुदत साधारणतः जानेवारीअखेर संपते. यंदाचे अर्ज सुरू आहेत का, हे त्याने आधी पाहावे आणि शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना आतापासून विनंती करून ठेवावी. भाच्याला अमेरिकेत शिकायचे असल्यास पीएच.डी.साठी प्रयत्न करावा, कारण तेथील विद्यापीठे संशोधन-साहाय्यक म्हणून परदेशी विद्यार्थ्यांचेही शुल्क आणि निर्वाहखर्च अनेकदा उचलतात. त्याआधी येथे एम.एस्सी. करून आयआयटीएम किंवा एनआयओमध्ये एक चांगला प्रकल्प पूर्ण केला, तर त्याच्या अर्जाला बळ येईल.