एसीच्या कामाला पाच पोरं आहेत, सगळ्यांचा ग्रुप अपघात विमा आहे. मॉलवाले तरी डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाईची) पॉलिसी मागतायत. वेगळी काढायलाच हवी का?

काढायला हवी. मॉल नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ठाण्यात छोट्या कंत्राटदारांचे विमे उतरवतो, त्यात एसीवाले बरेच आहेत, आणि हा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा असतो.

अपघात विम्याचे पैसे पोराला किंवा त्याच्या घरच्यांना मिळतात. डब्ल्यूसी भरते ते मालक म्हणून कायद्यानं तुमच्या डोक्यावर येणारं देणं. पहिले पैसे मिळाले म्हणून दुसरं देणं आपोआप फिटत नाही. हे देणं १९२३च्या कामगार भरपाई कायद्यातलं. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गाभा तोच आहे.

रक्कम किती, ते बघा. तीस वर्षांचा टेक्निशियन आउटडोअर युनिट बसवताना छज्ज्यावरून पडून मेला असं धरू. २०२०च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबाला महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचा अर्धा ७,५००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा आकडा २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला तर अर्ध्याऐवजी ६० टक्के, म्हणजे १८,७१,८२०. महिन्याभरात भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंडाचे पैसे विमा कंपनीकडून मिळतील अशी आशा धरू नका.

‘सेफ्टी पट्टा दिला होता, त्यानंच लावला नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. मुद्दाम नियम मोडला किंवा दारू प्यायला होता, ही सबब साध्या दुखापतीत चालू शकते. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर चालत नाही. आणि तुमच्या धंद्यात भीती याच दोन गोष्टींची असते. कारणं म्हणजे उंचीवरून पडणं, विजेचा धक्का, किंवा कुणा शहाण्यानं नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरून लाइनचं प्रेशर टेस्ट करणं. नव्या संहितेत घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, धरला जातो. टूलबॅग पाठीला लावून बाइकवर निघालेलं पोरगं त्यात येऊ शकतं.

मॉलवाले पॉलिसी का मागतात, तर त्यांच्या जागेत त्यांचंच काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाची भरपाई त्यांच्याकडूनही मागता येते. ती त्यांनी भरली की ते तुमच्याकडून वसूल करणार. हाच नियम तुमच्या खालीही लागतो. मार्च ते मे धंदा जोरात असताना तुम्ही दुसऱ्याची दोन-चार पोरं रोजावर घेता ना? त्यांचा भारही तुमच्यावर येऊ शकतो. खरी गोम इथेच आहे. प्रीमियम पगाराच्या एकूण रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो, म्हणून लोक पाचाचे तीन दाखवतात, पगार आठ हजार लिहितात, आणि कामाच्या रकान्यात नुसतं ‘सर्व्हिसिंग’. क्लेम आला की कंपनी नेमकं त्यावर बोट ठेवते. फॉर्मवर ‘इन्स्टॉलेशन, उंचीवरचं काम, ब्रेझिंग, गॅस चार्जिंग’ असं स्वच्छ लिहा. उपकंत्राटदाराची माणसं आणि दवाखान्याचा खर्च ही जोड सहसा वेगळी मागावी लागते, तीही मागा. पगार बँकेतून द्या. रोखीवाल्याचा पगार सिद्ध करताना सगळ्यांचा जीव जातो.

ईएसआयसीबद्दल, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेबद्दल, थोडक्यात. दहा माणसं झाली की ती लागू होते, पण पगार २१,००० पर्यंत असणाऱ्यांनाच. ईएसआयसीत असलेल्या माणसाला भरपाई तिथून, तुमच्याकडून नाही. पण तुमचा सीनियर मेकॅनिक पंचवीस हजार घेत असेल तर तो बाहेर राहतो. दहा झाल्यावर पॉलिसी बंद करायची घाई करू नका, वरच्या पगारवाल्यांपुरती ठेवा.

आणि मॉलला प्रत देण्याआधी पॉलिसीतला कामाच्या जागेचा रकाना वाचा. बऱ्याचदा तिथं फक्त तुमच्या दुकानाचा पत्ता असतो. ‘महाराष्ट्रातील सर्व साइट्स’ असं लिहून घ्या.