तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा चार पुतळ्यांजवळच्या हॉटेलात आम्हा फौजींच्या गप्पांतून तू वही मिटून उठलीस, तेव्हाच कळलं, पोरगी वैतागली. एक काका म्हणाले, श्रीलंकेतल्या जाफन्यात लोकांनी आपल्या फौजेला हार घातले. दुसरे म्हणाले, कसले हार, बाया तोंडावर दार लावायच्या. तिसरे म्हणाले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रात्री तुझा मेसेज: "काका, यातलं खरं कुणाचं? प्रोजेक्टचा विषयच बदलू का?"

विषय राहू दे, प्रश्न बदल. "श्रीलंकेत काय झालं?" असं विचारलं की म्हातारा फौजी भाषणच देणार; चहा पाजलास तर दोन देणार. विचारायचं असं: तारीख कोणती, आणि तेव्हा तुम्ही कुठं उभे होता?

हारवाले काका ऑगस्ट १९८७ चे. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या करारावर सह्या झाल्या आणि लगोलग आपली फौज उतरली. लोकांना वाटलं, सुटलो. वाघ, म्हणजे एलटीटीईचे तमिळ बंडखोर, शस्त्रं खाली ठेवणार, आपण ते आणि लंकेची फौज यांच्या मधे उभं राहायचं, एवढंच आम्हाला सांगितलेलं. दारवाले काका ऑक्टोबरनंतरचे. तोवर ऑपरेशन पवन, म्हणजे वाघांशीच आपली लढाई, सुरू झालेलं. ज्यांना सांभाळायला गेलो त्यांच्याच गल्लीत लढत होतो. तिसरे १९८९ चे, तेव्हा तर लंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासाच म्हणत होते, निघा आता. तिघंही खरे आहेत. तुझ्या वहीत तारखा नाहीत, म्हणून ते तुला खोटे वाटतात.

"ते युद्ध चुकीचं होतं का?" असंही तू विचारलंस. अगं, ते सह्या करणाऱ्यांना विचारायचं! शिपायाकडं उत्तर असतं, पण निम्मं ऐकीव असतं. आपले बाराशेच्या आसपास जवान गेले. त्यांच्या वतीनं छाती फुगवून बोलणारे पुष्कळ भेटतील. त्यांनाही हेच विचार: कुठं उभे होता?

मला मात्र विचारलं नाहीस. भिडेपोटी असेल. माझ्या नावापुढं तू लिहिलंयस, "जाफना विद्यापीठ, हेलिकॉप्टर". मी वाचलं आणि गप्प बसलो.

११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री मी जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर होतो. लंगरची पिठाची पोती उतरवत होतो. पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांना विद्यापीठाच्या मैदानावर सोडायला एमआय-८ हेलिकॉप्टरं उडाली, ती मी खालून बघितली. शीख पलटणीचे ३० जणच उतरू शकले. २९ गेले, एक पकडला गेला. परत आलेल्या एका हेलिकॉप्टरच्या पत्र्याला पडलेली भोकं मी पहाटे मोजत होतो. एकात करंगळी घालून बघितली, जात होती. अकरापर्यंत आलो, तेवढ्यात उस्तादानं हाकललं. माझं जाफना विद्यापीठ एवढंच.

१९९० ला सुट्टीवर आलो, गल्लीतल्या मंडळानं गणपतीत सत्कार ठेवला. माइकवरचा म्हणाला, "हेलिकॉप्टरमधून उडी टाकून..." आणि समोर पहिल्या रांगेत आई बसलेली. काय सांगायचं होतं मी? पोती उचलली म्हणून? आणि पोतीही कुणीतरी उचलायचीच असतात की! पुढं दीड वर्ष ताडांच्या रांगांमधून, कुठल्या मोरीखाली सुरुंग असेल ठाऊक नसताना, मी काफिल्यात हिंडलोच ना? परतलेल्या फौजेच्या स्वागताला मद्रासला मुख्यमंत्री आले नव्हते. आपल्या गावात १९३१ साली फाशी गेलेल्या चौघांचे पुतळे तरी आहेत. लंकेत गेलेल्यांचं एक मोठं स्मारक आहे, तेही कोलंबोजवळ. अशात एक शाल मिळत होती, ती झिडकारू?

बघ, मीही भाषणच द्यायला लागलो. उडी मी मारली नाही. नातवाला मात्र ती उडी सांगून झालीय, वर स्वतःच्या पदरचा गोळीबार घालून.

तेव्हा माझ्या नावापुढची ती ओळ गिरबटू नकोस. एक आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. मग शेजारी खरं लिही. बाकीच्या तिघांकडंही परत जा. चिडतील, चिडू देत.

रविवारी सकाळी ये, काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणार आहे. नातूही असेल. मी कागदावर पलाली काढून ठेवतो: धावपट्टी, पोत्यांची थप्पी, आणि थप्पीशेजारी एक फुली.

तुझा,
काका