पेशी वाढल्या म्हणजे मोठ्या झाल्या का जास्त झाल्या?

एका ताईंनी विचारलंय की पोरगी पुस्तकात 'पेशींची वाढ' आणि 'पेशींचं विभाजन' असं अलग अलग वाचायली, आणि घरात रिपोर्ट आला त्यावर डॉक्टर म्हणले पांढऱ्या पेशी वाढल्यात, मग ही वाढ कोणती?

ताई, मराठीत वाढणं दोन्हीकडं चालतं. ऊस वाढला म्हणजे उंच झाला, गर्दी वाढली म्हणजे माणसं जास्त झाली. रिपोर्टातली वाढ गर्दीवाली. पुस्तकातली ऊसवाली, म्हणजे पेशी प्रथिनं बनवत आकाराने मोठी होते, मधल्या काळात डीएनएची दुसरी प्रत काढते आणि मग दुभागते, ते विभाजन. लॅबमधी वाढवलेल्या माणसाच्या पेशीला हे सगळं चक्र पुरं करायला साधारण 24 तास लागतात, त्यात प्रत्यक्ष दुभागणं तासाभरात उरकतं, बाकी सगळी तयारीच.

नुसती वाढ, विभाजन नाही, असं बघायचं तर आपल्या जालना-परभणीकडचा कापूस बघा. सरकीवरचा एक एक धागा म्हणजे एकच पेशी! फूल उमललं की सरकीच्या सालीवरच्या काही पेशी लांब व्हायला लागतात, दोन-तीन आठवडे लांबतच राहतात आणि अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत जातात, रुंदी मात्र केसापेक्षाही कमी. एवढं होऊनही ती दुभागत नाही, पुढं आतून सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटलं की पेशी मरून वाळते आणि आपण तिची वेचणी करतो.

विभाजनाला पुस्तकात 'सूत्री' म्हणलंय ते सूत म्हणजे धागा त्याच्यावरून. फ्लेमिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 ला मायटोसिस नाव दिलं तेही ग्रीक धाग्यावरूनच, विभाजनावेळी गुणसूत्रं दोऱ्यासारखी दिसतात म्हणून. (कोर्टातल्या पेशीचा इथं काही संबंध नाही, ती फारसीतल्या 'पेश'वाली.)

आणि डेंग्यूत आपल्याकडं सगळेच 'पेशी कमी झाल्या' म्हणतात ना, त्या प्लेटलेट्स. त्या पुऱ्या पेशी नाहीतच, हाडातल्या मगजात मोठ्या पेशी असतात त्यांचे तुटलेले तुकडे आहेत, त्यांना केंद्रकच (पेशीतली डीएनए ठेवायची जागा) नाही, मग विभाजन कुठलं. बोलायला 'पेशी' चालतंय, डॉक्टरबी तसंच म्हणतात. पण पोरीला सांगा, पेपरात नुसतं 'पेशी वाढतात' लिहून सोडू नको, आकार का संख्या ते लिही, नायतर मार्क कटतेत.