डिओडरंटचा स्प्रे विमानात नेता येतो का?

मुंबईहून दुबईला जाताना १५० मिलीचा डिओ आणि शेव्हिंग फोम कुठे ठेवू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही सरळ चेक-इन बॅगेत टाका.

हँडबॅगेत डबा १०० मिलीपर्यंतचाच चालतो, तोही एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. इथे बरेच जण फसतात: सिक्युरिटीवाले आत किती उरलंय ते बघत नाहीत, डब्यावर छापलेला आकडा बघतात. माझा तळाशी आलेला डिओ सिक्युरिटीवाल्याने उलटा करून १५० वाचलं आणि ट्रेमधून बाजूला काढला. जेमतेम चार फवारे उरले असतील त्यात, पण गेला तो गेलाच.

चेक-इनमध्ये प्रत्येक डबा ५०० मिलीपर्यंत आणि अशा सगळ्या वस्तू मिळून माणशी २ लिटरपर्यंत. टोपण मात्र घट्ट हवं. बॅग दाबली गेली की नोझल दबतं, आणि मग सगळ्या कपड्यांना वास! टोपण सैल असेल तर वरून चिकटपट्टी लावा.

झुरळांचा ज्वलनशील स्प्रे किंवा रंगाचा स्प्रे मात्र कुठल्याच बॅगेत नको. तो घरीच ठेवा.