जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकूनही समोरचा देश ऐकत नसेल, तर त्या निकालाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण कोण जिंकलं यावर तो बराच अवलंबून असतो. या संघटनेकडे ना पोलीस, ना जप्तीचा अधिकार. नियमबाह्य धोरण मागे घ्या, एवढंच निकाल सांगतो. तोवर झालेल्या नुकसानीची भरपाई सहसा मिळतच नाही. म्हणजे खटला जितका रेंगाळेल तितकं नियम मोडणाऱ्याचंच फावतं. मला ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

मुदत उलटूनही हरलेला देश हलला नाही, तर जिंकलेल्याला नुकसानीच्या प्रमाणात प्रतिशुल्क, म्हणजे बदल्यात त्याच्या मालावर जादा आयात शुल्क, लावायची परवानगी मिळते. मेख इथेच आहे. आयात शुल्काचा भार बऱ्याच अंशी आपल्याच आयातदारांवर आणि ग्राहकांवर पडतो. त्यात छोट्या देशाची बाजारपेठ इतकी लहान, की मोठ्या देशाला त्याची झळही लागत नाही. ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात अँटिग्वा आणि बार्बुडाने अमेरिकेला हरवलं. २००७ मध्ये लवादाने वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंतच्या प्रतिकारवाईला मान्यता दिली, तीही अमेरिकेच्या बौद्धिक संपदा हक्कांवर, म्हणजे पेटंट, कॉपीराइट वगैरेंवर. ती कधी अमलात आलीच नाही. मला हा अन्यायच वाटतो.

ब्राझीलने मात्र हेच हत्यार नेमकं रोखलं. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तो २००२ मध्ये लढायला उतरला आणि जिंकला. २०१० मध्ये त्याने शुल्काची यादी जाहीर केली, शिवाय पेटंट आणि कॉपीराइटचं संरक्षणही काढून घेऊ म्हणाला. औषध आणि मनोरंजन उद्योगांचा कापसाशी काय संबंध? पण आता त्यांचंही नुकसान होणार होतं. अमेरिकेने वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं.

आता आणखी एक पळवाट आहे. अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून संघटनेचं अपील मंडळ ठप्प आहे. हरलेल्याने अपील दाखल केलं की ते ऐकायलाच कोणी नसतं आणि निकाल लटकून राहतो. भारतानेही निर्यात अनुदानाच्या खटल्यात अमेरिकेकडून हरल्यावर २०१९ मध्ये असंच अपील केलं होतं; तो वाद २०२३ मध्ये दोघांनी आपसांत मिटवला. युरोपीय संघ, चीन, ब्राझील वगैरेंनी २०२० मध्ये आपसांत पर्यायी अपील लवाद उभारला. तेव्हा तुमच्या मनातला खटला कोणत्या दोन देशांमधला आहे, ते सांगा. दोघेही त्या लवादात असतील, तर उत्तर बरंच बदलेल.