वणवा विझवण्याच्या रसायनांनी नदीतले मासे मरतात का?
हो, मरतात; पण विमानातून वणव्यावर सोडतात त्या द्रवाच्या लाल रंगामुळे नाही, अमोनियामुळे. हा द्रव म्हणजे मुख्यतः पाणी आणि अमोनियम फॉस्फेट, थोडक्यात खतच! पाण्यात पडलं की त्यातून अमोनिया सुटतो. पाणी जितकं कोमट आणि अल्कधर्मी, तितका तो जास्त विषारी. मासे तडफडतात, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. वणव्यावर फेसही मारतात; त्याचं रसायन वेगळं, साबणाच्या जातीचं. ते थेट कल्ल्यांना इजा करतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये फॉल नदीत हा लाल द्रव पडला आणि हजारो ट्राउट मासे मेले. तिथली वनसेवा आता विमानातून तो टाकताना पाण्यापासून ३०० फूट अंतर राखते. मात्र मोठ्या, वाहत्या नदीत हे लवकर विरळ होतं. खरा धोका लहान ओढ्यांना.